ओला सदरा

नळ दुरुस्त करायला आला होता म्हणे
केवळराम बोरकुटे,
गुरुवारच्या विनोदी मालिकेत,
खांद्यावर पाना, काखेत रेडिओ,
एक मिनिट, दहा सेकंद.
अख्खं गाव कोटगले पोस्टमनच्या सपरीत.
आणि मी वर, कवेलूंवर,
अँटेनाचा बांबू दोन्ही हातांत धरून.

"आला का?"
"मुंग्या हायेत, जरासा सिंदेवाहीकडं फिरव!"
"आता?"
"आला, आला! हालू नोको लेका!"
मी हाललो नाही.
खालून हसण्याचा असा लोट आला
की पायाखाली दोन कवेलू सरकले.
पुन्हा दाखवतात, सगळे म्हणाले.
मी थांबलो.
एकोणतीस वर्षं.

यंदा लागली. भाग अकरावा.
दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो.
घरमालक ओरडतो, "नळवाला कुठे मेला?"
दाराची कडी वाजते.
आणि लगेच घरमालक खुर्चीत,
सदरा छातीपर्यंत ओला,
चष्म्यावरून पाणी टपकतंय,
बायको म्हणते, "गेला एकदाचा!"
कोण गेला, ते नाही.
हसण्याचं शेपूट तेवढं उरलंय,
दारात चेंगरलेल्या पालीच्या शेपटासारखं
वळवळतं अर्धा सेकंद.

वडशाच्या नाटक कंपनीतल्या ऑर्गनवाल्याचा पोरगा
मुंबईत अशाच कापाकापीच्या कामावर.
तो फोनवर म्हणाला, काका,
त्या रेडिओवर गाणं वाजत होतं ना, दोन ओळी?
तेव्हा कोणी विचारत नव्हतं.
आता त्यांची रॉयल्टी भागापेक्षा महाग.
गाणं वेगळं निघत नाही,
म्हणून माणसासकट काढलं.

रॉयल्टी.
आमच्याकडे हा शब्द रेतीचा.
घाटावरून ट्रॅक्टर निघाला की पटवारी विचारतो,
पास आहे का?
तेंदूच्या हंगामात ग्रामसभा याच्यावरूनच भांडते.
गाण्यालाही घाट असतो
आणि केवळराम विनापास सापडला, हे नवीन.
त्याला साडेतीनशे मिळाले होते, वर जेवण,
आणि एका कागदावर सही.

गावाला विचारावं तर ज्याचा त्याचा केवळराम.
कौसाबाई म्हणते, तो पाना शोधत होता
आणि पाना खांद्यावरच.
मडावी गुरुजी म्हणतात, पाना नव्हताच, पक्कड होती,
नळाला त्यानं रामराम घातला आणि नळ फुटला.
देवाजी कुंभरे शपथेवर सांगतो,
जाताना त्यालाच डोळा मारून गेला.

काल त्याच्याच घरी गेलो.
सपरीत खाट, भिंतीवर बायकोचा फोटो,
हार बदललेला, ताजा.
"काय केलं होतं जी तुम्ही, नेमकं?"
"मले का माहीत बापा?
मी कुठं पाह्यलं?
त्या राती मिंडाळ्याले नाटक होतं माहं,
विलन होतो. पडदा पडाले तीन वाजले."
मग म्हणाला,
"आनं तिथं नळाले पाणीच नोहोतं.
दुसऱ्यानं बादलीनं मारलं.
हासलं कोनीच नाही, सारे चूप.
हासणं मांगून टाकतेत म्हणे."

बैल तणस चघळत होता,
तेवढाच आवाज, बराच वेळ.
"तू वर होता ना त्या दिवशी?"
"होतो."
"मंग कसे हासले, थे सांग."

मी उभा राहिलो.
आधी कोटगल्यांचं, खोकल्यासारखं, दोनदा अडकलेलं.
मग कौसाबाईचं, पदरात कोंबलेलं
आणि पदरातून सांडणारं.
मग पोरांचं, ज्यांना काहीच कळलं नव्हतं.
मग एक उशिरा आलेलं, बारीक,
सगळे थांबले तरी एकटंच चालू राहिलेलं.

केवळरामनं हात वर केला.
चांगला कान माझ्याकडे केला.
"थे शेवटचं," म्हणाला,
"आजून एकडाव."